पेट्रोलचा काटा खोटं दाखवतोय? टाकीतला फ्लोट घरच्या घरी साफ आणि रिपेअर कसा करायचा

२०२१ च्या गणपतीला गावी निघालो होतो, गाडीत बायको, आई, पाच वर्षांची मुलगी, डिकीत मखराचं सामान, आणि कशेडी घाट चढताना गाडीने दोन झटके दिले आणि बंद पडली. काटा पाव टाकीवर होता. मी बॅटरी बघितली, प्लग काढून बघितले, डिस्ट्रिब्युटर कॅप उघडली, पाऊण तास गेला, मागे ट्रॅफिकची रांग, वरून पाऊस. शेवटी एका टेम्पोवाल्या दादाने टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली आणि म्हणाला आवाजच येत नाहीये, पेट्रोल संपलंय तुमचं. आणि खरंच संपलं होतं. काटा मात्र पावावरच.

त्यानंतर मी हा विषय नीट शिकलो. पाच-सहा जणांच्या गाड्यांचे फ्लोट आतापर्यंत काढून साफ केलेत, त्यातला एकच बदलावा लागला, बाकी सगळे नुसते मळलेले, अडकलेले किंवा अर्थ (करंट बॉडीतून परत जायची वाट) तुटलेले होते. म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण गॅरेजमध्ये गेलात की बहुतेक वेळा पहिलं वाक्य येतं ते पूर्ण युनिट बदलावं लागेल. बदलायच्या आधी तपासा, आणि टाकी उघडायच्या आधीही तपासा, कारण अर्ध्या केसेसमध्ये टाकी उघडायची गरजच पडत नाही.

आधी हे चालतं कसं ते समजून घ्या, दोन मिनिटं लागतील पण पुढचं सगळं सोपं जाईल. टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, प्लास्टिकचा, फोमसारख्या रबराचा किंवा जुन्या गाड्यांत पितळेचा पोकळ. तो एका तारेच्या दांडीला लावलेला असतो. पेट्रोल खाली गेलं की दांडी खाली, आणि दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटा पत्र्याचा स्प्रिंगसारखा कॉन्टॅक्ट असतो तो एका रेझिस्टन्सच्या, म्हणजे करंटला अडवणाऱ्या पट्टीवर घासत सरकतो. घरातल्या पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखंच, किंवा रेडिओचा व्हॉल्यूम. तो कॉन्टॅक्ट कुठे उभा आहे त्यावर रेझिस्टन्स ठरतो, रेझिस्टन्सवर करंट ठरतो आणि करंटवर डॅशबोर्डवरचा काटा. बस इतकंच. दांडी, कॉन्टॅक्ट आणि पट्टीसकट या सगळ्याला मिळून मी पुढे फ्लोट किंवा युनिट म्हणतोय. गाडीच्या मालकाला रोज दिसतो तो काटा, पण गडबड शंभरातल्या बहुतेक वेळा टाकीतल्या त्या नखाएवढ्या कॉन्टॅक्टमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये असते.

रेझिस्टन्स (तो ओहममध्ये मोजतात) किती असतो हे गाडीगणिक वेगळं आहे आणि हे माहीत नसल्यामुळे खूप लोक चुकतात. जपानी पद्धतीच्या छोट्या गाड्यांत साधारण रिकामी टाकी म्हणजे १०० ते १२० ओहम आणि फुल म्हणजे ३ ते ५ ओहम. युरोपियन पद्धतीच्या बऱ्याच मीटरांत उलटं, रिकामी १० आणि फुल १८०. अमेरिकन युनिव्हर्सल मीटर, जे मॉडिफाय केलेल्या जीपमध्ये दिसतात, ते रिकामी २४० आणि फुल ३३. म्हणजे एका पद्धतीत टाकी भरली की ओहम कमी होतात, दुसरीत वाढतात. याचा एक फार महत्त्वाचा परिणाम आहे. कॉन्टॅक्टवर मळ बसला की रेझिस्टन्स वाढतो. जपानी पद्धतीत त्यामुळे काटा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, म्हणजे तुम्ही उगाच लवकर पेट्रोल भरता, नुकसान नाही. पण रिकामी १० फुल १८० वाल्यात मळ बसला तर काटा आहे त्यापेक्षा जास्त दाखवेल, आणि तुम्ही घाटात उभे राहाल. तुमच्या गाडीचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतात, ते आधी शोधून लिहून ठेवा.

आता तपासणी. टाकीला हात लावायच्या आधी गाडीत बसा, चावी ऑन करा आणि बघा टेंपरेचरचा काटा पण वेडंवाकडं दाखवतोय का. दोन्ही काटे एकाच वेळी बिघडले असतील तर फ्लोटकडे जाऊच नका, जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो जो दोन्ही काट्यांना ठरावीक व्होल्टेज देतो, तो गेलेला असणार किंवा मीटर क्लस्टरची अर्थ ढिली असणार. दोन्ही काटे पूर्ण मेलेले असतील तर फ्यूज.

फक्त पेट्रोलचाच काटा बिघडला असेल तर पुढची टेस्ट फ्लोटच्या कनेक्टरवर. कनेक्टर कुठे असतो तर काही गाड्यांत मागच्या सीटची बसायची गादी उचलली की खाली पत्र्याचं किंवा रबराचं झाकण दिसतं, काहींमध्ये डिकीच्या कार्पेटखाली, जीपमध्ये सीटखाली, आणि काही गाड्यांना वरून झाकणच नसतं, टाकी खाली उतरवावी लागते. ज्यांना टाकी उतरवावी लागते त्यांनी कनेक्टर खालून शोधा, वायर टाकीपासून थोडी पुढे येऊन सॉकेटमध्ये जोडलेली असते. टाकी उतरवायचं काम मात्र नवख्याने एकट्याने करू नये, भरलेली टाकी जड असते आणि पाइप तुटले तर पेट्रोल थेट अंगावर.

कनेक्टर काढा, चावी ऑन करा, काटा बघा. मग चावी ऑफ. मग गाडीच्या बाजूच्या, म्हणजे मीटरकडे जाणाऱ्या वायरला एक छोटी जंपर वायर लावून ती बॉडीच्या चांगल्या घासलेल्या बोल्टला अर्थ करा, आणि सगळं जोडून झाल्यावरच चावी ऑन करा. हा क्रम लक्षात ठेवा, आधी जोडणं मग चावी, म्हणजे टाकीजवळ ठिणगी पडायचा प्रश्नच येत नाही. जपानी पद्धतीत कनेक्टर काढल्यावर काटा रिकाम्यावर आणि अर्थ केल्यावर फुलकडे जायला हवा, उलट्या पद्धतीत उलटं. काटा हळूहळू चढत असेल तर घाबरू नका, जुने मीटर आत गरम होणाऱ्या दुहेरी धातूच्या पट्टीवर चालतात, त्यांना वेळ लागतो. फुलवर पोचला की लगेच चावी बंद करा, तसंच ठेवलं तर मीटर जळू शकतं. काटा व्यवस्थित हलला म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही चांगले, दोष फ्लोटकडे. नाही हलला तर वायर तुटलीय किंवा मीटर गेलंय, आणि टाकी उघडून काही उपयोग नाही.

एक सूचना, नव्या गाड्यांत फ्लोटचा सिग्नल कॉम्प्युटरला जातो आणि तिथून काट्याला. तिथे ही अर्थ करायची टेस्ट करू नका, स्कॅनर लावून फ्युएल लेव्हलचं रीडिंग बघा.

आता येतो माझा आवडता मुद्दा, अर्थ. फ्लोटची एक बाजू सिग्नल वायर आणि दुसरी बाजू अर्थ, आणि बऱ्याच जुन्या गाड्यांत ही अर्थ फ्लोटच्या पत्र्यातून टाकीला आणि टाकीतून बॉडीला अशी जाते. टाकीचे बोल्ट गंजले, किंवा कुणी टाकी काढून मस्त रंगवून परत बसवली, की अर्थ गायब. पेण जवळच्या एका काकांच्या गाडीचा काटा अंडरकोटिंग केल्यापासून मेला होता, दोन वर्षं ते ट्रिपमीटरवर गाडी चालवत होते. आम्ही फ्लोटच्या एका स्क्रूला रिंग टर्मिनल लावून एक वायर थेट बॉडीला दिली, दहा मिनिटांचं काम, काटा उठला. काका काही बोलले नाहीत, नुसते चावी ऑन ऑफ ऑन ऑफ करून बघत बसले. तर मल्टिमीटर (व्होल्टेज, रेझिस्टन्स मोजायचं छोटं यंत्र) २०० ओहमवर ठेवा, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना लावून त्यांचाच रेझिस्टन्स किती दाखवतोय ते बघा, तो वजा करायचा, आणि फ्लोटचा पत्रा ते बॉडी मोजा. अर्ध्या ओहमच्या आत यायला हवं. जास्त आलं तर आधी अर्थ सुधारा.

मग कनेक्टर काढलेल्या अवस्थेत फ्लोटच्या दोन टोकांमध्ये मोजा (२४० ओहमवाल्या मीटरात मल्टिमीटरची २०० च्या वरची रेंज घ्या). टाकीत साधारण किती पेट्रोल आहे ते माहीत असेल तर आकडा पटतोय का बघा. आकडाच येत नाही म्हणजे सर्किट तुटलंय. आकडा येतोय पण मित्राला गाडी हलवायला सांगितल्यावर उड्या मारतोय किंवा मध्येच गायब होतोय म्हणजे कॉन्टॅक्ट मळलाय. आकडा अजिबात हलतच नाही, गाडी हलवली तरी तोच, म्हणजे दांडी अडकलीय. माझं हे तिसरं होतं. टाकीवर खालून हाताने दोन थापा मारल्या आणि काटा पावावरून धपकन खाली आला. लॉकडाऊनमध्ये गाडी कित्येक महिने एका जागी उभी होती, पेट्रोल उडून गेलं आणि मागे तो चिकट तपकिरी थर राहिला, त्यात दांडीचा सांधा पाव टाकीच्या जागी चिकटला. ज्यांची गाडी महिनोन् महिने उभी असते त्यांनी हे लक्षात ठेवा.

टाकी उघडायची ठरलं तर आता हा भाग घाई न करता वाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीवर पसरते, खड्ड्यात साचते, आणि लांबच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी ती पेट घेऊ शकते, आणि पेट्रोल शून्याखाली ४० अंशांनाही पेटण्याइतकी वाफ सोडतं, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही थंडीत ते सुरक्षित नाही. म्हणून काम उघड्यावर, बिल्डिंगच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नाही, बंद गॅरेजमध्ये नाही, सर्व्हिसिंगच्या खड्ड्यावर तर अजिबातच नाही. सोसायटीत करणार असाल तर आजूबाजूला देवघराची खिडकी, कुणाचा गॅस, इन्व्हर्टर, सिगरेट ओढणारे वॉचमन काका, सगळं बघून घ्या. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून बाजूला. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी, आणि एक बादली कोरडी वाळू. पाणी नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. सुती कपडे घाला, नायलॉनच्या टीशर्टमध्ये स्टॅटिक तयार होतं, आणि टाकीला हात लावायच्या आधी प्रत्येक वेळी गाडीच्या उघड्या पत्र्याला हात लावून घ्या. हातात नायट्राईल ग्लोव्हज, कारण पेट्रोलमध्ये बेंझीन असतं आणि ते कातडीतून जातं. मोबाईल घरात ठेवा. कुणीतरी एक माणूस सोबत हवाच.

टाकी पाव किंवा त्याहून कमी असताना काम करा, फुल टाकीत फ्लोटचं भोक उघडलं तर पेट्रोल हातावर येतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत फ्लोट आणि पंप एकाच युनिटमध्ये असतात आणि लाइनमध्ये प्रेशर असतं, तिथे आधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरी काढा, मगच पाइप सोडा आणि तरीही जॉइंटवर फडकं धरून सोडा. पहिल्यांदाच करत असाल तर कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीवर शिका, इंजेक्शनच्या गाडीवर नको.

सीटखालचं किंवा डिकीतलं झाकण उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे फ्लोटच्या भोवतालची धूळ. वीस वर्षांची माती तिथे बसलेली असते आणि स्क्रू काढला की ती सरळ टाकीत. रंगाच्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने पुसा, कोपरे परत ब्रशने. व्हॅक्युम क्लीनर वापरायचा मोह होतो पण टाकीजवळ तो आणू नका, त्याच्या मोटरमध्ये ठिणगी असते. मग मार्करने फ्लोटचा पत्रा आणि टाकी या दोन्हींवर एकच रेघ मारा, म्हणजे परत बसवताना दिशा चुकणार नाही. फोटो काढायचा असेल तर तो आत्ताच, टाकी बंद असताना काढा आणि मोबाईल परत घरात.

स्क्रू पाच किंवा सहा असतात आणि गंजलेले असतात. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांच्यावर गंज सोडवणारं स्प्रे मारून ठेवा, सकाळी अर्धं काम झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हर बरोबर मापाचा घ्या आणि वरून जोर देऊन फिरवा, डोकं एकदा गोल झालं की दिवस वाया. काही गाड्यांत स्क्रूऐवजी गोल लॉक रिंग असते, ती फिरवून निघते. ती ठोकायला लोखंडी छिन्नी वापरू नका, पितळेचा तुकडा किंवा लाकडी दांडा घ्या, लोखंडावर लोखंड म्हणजे ठिणगी.

युनिट सरळ वर ओढू नका. दांडी आणि फ्लोट आडवे असतात, थोडं उचलून तिरकं करून, फ्लोट ज्या बाजूला आहे त्या बाजूने वळवत बाहेर काढायचं, जसं अरुंद तोंडाच्या बरणीतून लोणच्याचा चमचा काढतो तसं. जोर लावलात तर दांडी वाकेल आणि मग काटा चांगला असूनही चुकीचंच दाखवेल. पेट्रोल टाकीतच निथळू द्या. भोकावर लगेच जाड सुती फडकं आणि त्यावर पत्र्याचं झाकण. जुनं पॅकिंग किंवा ओरिंग (रबराची गोल कडी) काढून बाजूला ठेवा, ते परत वापरायचं नाही, नुसतं माप दाखवायला दुकानात न्यायचं. युनिट गाडीपासून पंधरा वीस फूट लांब नेऊन उघड्यावर वाळत ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत. यात घाई करू नका, चहा घेऊन या.

आता खरं काम. वाळलेलं युनिट पांढऱ्या कागदावर ठेवून उन्हात नीट बघा. माझ्या गाडीत रेझिस्टन्सची पट्टी म्हणजे बारीक नायक्रोम तार एका पातळ पट्टीभोवती गुंडाळलेली, आणि कॉन्टॅक्ट त्या पट्टीच्या कडेवरून घासत जातो. कॉन्टॅक्टच्या रस्त्यातली सगळी कड स्वच्छ आणि चकचकीत असायला हवी. माझ्या पट्टीवर फुलच्या बाजूला ती कोरी चमकत होती, कारण मी टाकी क्वचितच फुल करायचो, तिथे झीजच नव्हती. आणि पाव ते अर्ध्याच्या भागात तारेवर तपकिरी लाखेसारखा थर, नखाने खरवडला तर निघायचा, आणि त्याच भागात तार थोडी सपाट झिजलेली. आपण बहुतेक जण पाव ते अर्ध्या टाकीतच गाडी चालवतो, त्यामुळे सगळी झीज आणि सगळा मळ तिथेच जमतो.

नंतरच्या गाड्यांत तार नसते, पांढऱ्या सिरॅमिकची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर चांदी मिसळलेल्या शाईने छापलेल्या बारीक रेघा, कंगव्याच्या दातांसारख्या. या चांदीचं आणि पेट्रोलमधल्या सल्फरचं वैर आहे. घरातली चांदीची निरंजनं काळी पडतात ना, तीच गोष्ट टाकीत होते, चांदीवर काळं सल्फाइड चढतं आणि करंट अडतो. २००४ च्या मे महिन्यात अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात सल्फर जास्त गेलेलं पेट्रोल विकलं गेलं आणि तिथल्या गाड्यांचे काटे बिघडले होते, कारण हेच. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचं पेट्रोल आलं, त्यात सल्फरची मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, त्याआधी बीएस-चारमध्ये ५० आणि बीएस-तीनमध्ये १५० होती. म्हणजे जुन्या गाडीतला काळा थर बहुतेक जुन्या दिवसांचा आहे, एकदा नीट साफ केला की बरीच वर्षं परत बघावं लागू नये.

साफ करायला काय घ्यायचं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बाटली मिळते, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत. कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे असेल तर तोही चालेल. जुना मऊ टूथब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, आणि शाळेतलं साधं पांढरं खोडरबर. आधी दांडीच्या सांध्यावर अल्कोहोल टाकून दांडी वर खाली, वर खाली, पन्नास वेळा करा, चिकटपणा सुटेपर्यंत. युनिट उभं धरून दांडी वर उचलून सोडली की ती स्वतःच्या वजनाने सुळकन खाली यायला हवी, कुठेही अडकता कामा नये. सांध्याला तेल किंवा ग्रीस लावू नका, पेट्रोल ते धुऊन नेईल आणि त्यात कचरा चिकटेल.

मग पट्टी. ब्रशने अल्कोहोल मारून थर भिजू द्या, पाच मिनिटं, परत ब्रश. तारेच्या पट्टीवर खोडरबर कॉन्टॅक्टच्या रस्त्याने हलक्या हाताने फिरवा. सिरॅमिकच्या पट्टीवरही खोडरबरच, पण अजून हलक्या हाताने, आणि पॉलिश पेपर कधीही नाही. त्या चांदीच्या रेघा इतक्या पातळ असतात की पॉलिश पेपरचे चार हात मारलेत तर रेघच जाईल आणि मग खरंच नवं युनिट घ्यावं लागेल. रबराच्या प्रत्येक फेरीनंतर कापसाच्या काडीने पुसून बघा, काडी काळी येते तोपर्यंत चालू ठेवा, स्वच्छ आली की थांबा. मेव्हण्याच्या गाडीच्या पट्टीला मी अकरा काड्या वापरल्या, पहिली कोळशासारखी काळी होती आणि अकरावी जवळजवळ पांढरी, आणि मधूनच रेघा राखाडीच्या चंदेरी झाल्या तो क्षण बघण्यासारखा असतो. कॉन्टॅक्टचं टोक, जे पट्टीला टेकतं, ते विसरू नका. एक कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून कॉन्टॅक्टच्या खाली सरकवा आणि ओढा, असं चार-पाच वेळा.

झीज जास्त असेल तर एक युक्ती आहे. कॉन्टॅक्टचा पातळ पत्रा चिमट्याने अगदी केसभर बाजूला वाकवायचा, म्हणजे तो झिजलेल्या खाचेशेजारच्या कोऱ्या भागावरून फिरायला लागतो. आणि पकड ढिली वाटत असेल तर तोच पत्रा पट्टीच्या दिशेने किंचित दाबायचा. किंचित म्हणजे किंचितच, जास्त दाबला तर घर्षण वाढतं आणि फ्लोट परत अडकतो.

तार तुटलेली असेल तर मात्र वेळ घालवू नका. नायक्रोमला साधं सोल्डर पकडत नाही, आणि चांदीचा कंडक्टिव्ह रंग लावून जोडलं तरी पेट्रोलमध्ये ते टिकेल यावर माझा भरवसा नाही. ते युनिट बदला. पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांचे पार्ट हुडकले तर मिळतात, फक्त जुनं युनिट सोबत न्या आणि दुकानातच मल्टिमीटरने दोन्ही टोकांचे ओहम मोजून घ्या, दिसायला सारखं आणि आकडे वेगळे असं बऱ्याचदा होतं.

फ्लोट तपासायचा राहिला. कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, बुडतो, आणि काटा कायम रिकामा दाखवतो. पितळेचा फ्लोट असेल तर गरम पाण्यात बुडवून धरा, आतली हवा फुगते आणि जिथे भोक आहे तिथून बुडबुडे येतात. अशा फ्लोटवर सोल्डरिंग करायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, आत पेट्रोलची वाफ असते आणि गरम केल्यावर तो फुटू शकतो, शिवाय सोल्डरच्या वजनाने तो आधीपेक्षा खाली तरंगतो. नवा प्लास्टिकचा फ्लोट क्लिपने बसतो, तो घ्या. अगदी जुन्या गाड्यांत बुचाचा, म्हणजे कॉर्कचा फ्लोट असतो, लाखेचा थर दिलेला. अल्कोहोल लाखेला विरघळवतं, आणि आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. कॉर्कचा फ्लोट असेल तर तो बदलाच, वाट बघू नका.

आता टेबलावरच चाचणी. मल्टिमीटर लावा, दांडी रिकाम्यापासून फुलपर्यंत एकदम सावकाश फिरवा. आकडा जिन्याच्या पायऱ्यांसारखा एका दिशेने जायला हवा, मध्ये कुठे गायब झाला किंवा उलटी उडी मारली तर त्या जागेवर परत रबर. काट्याचा जुना मल्टिमीटर कुणाकडे असेल तर तो मागून आणा, डिजिटलमध्ये क्षणभराचा ब्रेक दिसत नाही, काट्यात लगेच दिसतो. माझं साफ केल्यावर रिकामी ११२, मधोमध ३५ च्या आसपास, फुल ४ आलं, आणि मधला तो पाव टाकीवरचा खड्डा गेला होता. मधला आकडा दोन टोकांच्या बरोबर मध्ये येत नाही म्हणून घाबरू नका, टाकीचा आकार बघून पट्टी तशी बनवलेली असते.

काही युनिटला तिसरी वायर असते, ती रिझर्व्हच्या दिव्याची. युनिटच्या तळाशी एक छोटा थर्मिस्टर असतो, पेट्रोलमध्ये बुडलेला असेपर्यंत थंड राहतो, उघडा पडला की स्वतःच्या करंटने गरम होतो, त्याचा रेझिस्टन्स पडतो आणि दिवा लागतो. त्याला रबर ब्रश काही लावू नका, अल्कोहोलने धुवा आणि सोडून द्या. आणि हवेत असताना तो गरम होतो म्हणून टेबलावर त्याला बॅटरी लावून टेस्ट करू नका, आसपास पेट्रोल असताना तर नाहीच.

बसवताना नवं पॅकिंग, पेट्रोलला चालणारं. बाथरूमचं सिलिकॉन किंवा कुठलाही साधा आरटीव्ही (ट्यूबमधलं रबरी सीलंट) लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगतं, सुटतं, आणि त्याचे तुकडे फिल्टरमध्ये जातात. मी ओरिंगला फक्त एक थेंब पेट्रोल लावतो, म्हणजे ते न वळता बसतं. मार्करची रेघ जुळवा, स्क्रू सगळे आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, टायरचे नट आवळतो तसं. एकाच स्क्रूखाली अर्थची जादा वायर देऊन टाका, आताच करून ठेवलीत तर परत उघडावं लागणार नाही.

कनेक्टर जोडा, वाफ पूर्ण गेली याची खात्री करा, अर्धा तास तरी सगळं उघडं ठेवा, मगच बॅटरी जोडा.

काटा उठला तरी काम पूर्ण नाही, तो खरं सांगतोय का हे पंपावर कळतं. टाकी जितकी रिकामी करता येईल तितकी करून पंपावर जा, गर्दी नसताना, आणि तिथल्या माणसाला आधीच सांगा की पाच पाच लिटर टाकायचंय. पाच लिटर टाकलं की गाडी बाजूला घ्या, गाडी सपाट जागेवर हवी, दोन मिनिटं थांबा, चावी ऑन करून काटा कुठे आला ते वहीत लिहा. परत पाच. असं टाकी भरेपर्यंत. हा कागद ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा. काटा सगळीकडे सारख्याच फरकाने कमी किंवा जास्त दाखवत असेल तर फ्लोटची दांडी थोडी वाकलीय, पुढच्या वेळी युनिट उघडाल तेव्हा ती सरळ करा, आणि करताना रिकाम्याची बाजू बरोबर ठेवा, फुलची थोडी चुकली तरी चालेल.

यातून एक गोष्ट मला फार खटकली ती सांगतो. काटा बिघडला की लोक सर्वात आधी पंपावरच्या पोराला धरतात, पाचशेचं टाकलं आणि काटा हललाच नाही, तू कमी टाकलंस. मी स्वतः एकदा खोपोलीजवळ असा वाद घातला होता आणि तेव्हा चूक माझ्या टाकीतल्या दांडीची होती. शंका आली तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, ते मागा, मोजून दाखवणं त्यांचं काम आहे. पण काट्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

फुल टाकी केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सीट उचलून नाक लावा आणि युनिटच्या कडेने पांढरा कागद फिरवा. वास आला किंवा कागद ओला झाला तर पॅकिंग नीट बसलेलं नाही, गाडी सुरू न करता स्क्रू परत तपासा. पहिल्या दोन टाक्या ट्रिपमीटर शून्य करून चालवा, आणि लांबच्या प्रवासाला, त्यातही घाटाच्या रस्त्याला निघायच्या आधी, काटा काहीही म्हणो, अर्ध्याच्या खाली असेल तर भरून घ्या.